आधी रेंज, मग गोळी, मग रायफल

यावल तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षकांचा प्रश्न आहे. कॉलेजात एनसीसीत .२२ बोअरची रायफल चालवली, तेव्हापासून ती हौस मनात राहिली. आता वय चौतीस, नोकरी स्थिर. स्पर्धेचं काही डोक्यात नाही, सुटीच्या दिवशी शांतपणे टार्गेटवर नेम धरायचा आहे. सरकारी कारखान्याची नवी रायफल घ्यावी की जुनी परदेशी? बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढून भरायची घ्यावी की आपोआप भरणारी? दुर्बीण लावावी का? शेत आहे, तिथे सराव चालेल का? वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाची बाराबोर आहे, तिचा परवान्यासाठी काही उपयोग होईल का? मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही शिकायचं आहे.

सर, तुम्ही रायफलीबद्दल सगळं विचारलंत, पण ती चालवणार कुठे याचा उल्लेख फक्त शेतापुरता आला. माझ्याकडे .२२ साठी जो येतो त्याला मी पहिला प्रश्न तोच विचारतो. परवाना हातात, रायफल कपाटात आणि रेंज दीडशे-दोनशे किलोमीटरवर, अशी माणसं आपल्या खानदेशातल्या तीन जिल्ह्यांत मी बरीच पाहिली आहेत. वर्षातून एकदा दसऱ्याला रायफल बाहेर काढायची, पुसायची, पूजा करायची आणि पुन्हा ठेवायची. त्यात हौसही भागत नाही आणि हातही बसत नाही. म्हणून माझं उत्तर तुमच्या प्रश्नाच्या उलट्या टोकापासून सुरू होतं.

शेताचं आधी निकालात काढतो. शेतात नाही. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, ‘हाई गोळी कितली लांब जास?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. .२२ लाँग रायफलचं काडतूस बोटाच्या दोन पेरांएवढं, आवाजही लहान, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. नळी थोडी वर असताना सुटलेली ही गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि तिथेही माणसाला इजा करू शकते. त्यातून ती मऊ शिशाची, वेगाने कमी. दगडावर, पाण्यावर किंवा टणक जमिनीवर आपटली की फुटून न जाता उसळते आणि भलत्याच दिशेला निघते. आपली काळी जमीन मे महिन्यात कशी होते ते तुम्हाला सांगायला नको, आणि बांधाबांधाला काळा दगड आहे. त्यात तुमच्या पट्ट्यात सगळीकडे केळी. केळीच्या बागेत दहा पावलांवर पाणी धरणारा माणूस दिसत नाही. रीतसर परवानगी असलेली रेंज, तिच्यामागे मातीचा पुरेसा उंच बंधारा आणि रेंजवर हुकूम देणारा जबाबदार माणूस, एवढं असेल तिथेच .२२ चालवायची.

आता अशी रेंज कुठे? एअर रायफलची १० मीटरची सोय आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी होते. .२२ साठी ५० मीटरची रेंज लागते आणि ती शोधावी लागते. पुण्याला बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, मुंबईला वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तुमच्या जवळपास कोणत्या क्लबकडे ५० मीटरची परवानगी आहे, तिथे महिन्यातून किती दिवस .२२ चालते, बाहेरच्या सभासदाला लेन म्हणजे नेम धरायची जागा मिळते का, क्लबची रायफल वापरायला मिळते का, हे स्वतः जाऊन विचारा. फोनवर विचारू नका, जाऊन बघा. क्लबची रायफल मिळत असेल तर स्वतःची घेण्याआधी निदान एक मोसम तिच्यावर काढा. तेवढ्यात तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते कुठल्याही दुकानदाराला सांगता येणार नाही.

रेंज ठरली की पुढची गोष्ट गोळी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक लोक रायफलीवर महिनाभर चर्चा करतात आणि काडतुसाचा विचार खरेदीनंतर करतात.

.२२ चं काडतूस रिमफायर असतं. मोठ्या बोअरच्या काडतुसात बुडाच्या मधोमध टोपी असते, तिच्यावर पिन आदळते. रिमफायरला वेगळी टोपी नसते. पितळेच्या नळकांडीच्या बुडाला जी कड दुमडलेली असते, त्या पोकळ कडेतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. कड चेपायची म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, पितळ पातळ म्हणून आतला दाबही मर्यादित. हे काडतूस १८८७ पासून जवळजवळ आहे तसंच चालत आलंय. एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. म्हणजे गोळी घरी आपल्या रायफलीच्या मापाने तयार करण्याचा मार्ग बंद. बाजारात जी मिळेल तीच, आणि ती प्रत्येक रायफलीला वेगळी मानवते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा. एक गोळी पहिलीत रुपयाच्या नाण्याएवढा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा) देईल, दुसरीत मुठीएवढा. इतकंच काय, एकाच ब्रँडचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, बदलला तरी फरक पडतो. म्हणून मोठे शूटर लॉट तपासून त्याच लॉटची खोकी घेऊन ठेवतात.

तेव्हा आधी शोध घ्या की तुम्हाला वर्षभर नियमित कोणती गोळी मिळणार आहे. देशी की परदेशी? दुकानात की असोसिएशनमार्फत? एली, आरडब्ल्यूएस, एसके ही नावं रेंजवर कानावर येतील. गोळी उत्तमच आहे, पण आज दोन खोकी मिळाली आणि पुढची कधी येतील ते दुकानदारही सांगू शकत नाही, अशा गोळीवर रायफल निवडू नका. आणि आपल्या वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे म्हणून काडतूस सहज मिळेल, असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. तिथला माल लष्करासाठी. आपल्याला परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करूनच घ्यावं लागतं आणि वर्षाला किती काडतुसं हे परवान्यावर लिहिलेलं असतं.

दुकानात खोक्यावर दोन प्रकारचे वेग लिहिलेले दिसतील. स्टँडर्ड किंवा टार्गेट गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८० च्या आसपास. नवा माणूस वेगवान गोळीकडे वळतो. टार्गेटसाठी ती घेऊ नका. हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, आपल्या जळगावच्या ४५ अंशांना तो ३५८ पर्यंत जातो. वेगवान गोळी ध्वनीच्या पुढे निघते आणि टार्गेटपर्यंत पोचता पोचता त्याच्या खाली येते. हा उंबरा ओलांडताना तिला हिसका बसतो आणि ग्रुप पसरतो. स्टँडर्ड गोळी सुरुवातीपासूनच उंबऱ्याच्या खाली असते, त्यामुळे शांत जाते. वाऱ्यातही तीच बरी. वेगवान गोळी वाऱ्यात जास्त सरकते. ऐकायला उलटं वाटतं, पण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडसर एकदम वाढतो, गोळी तिथे वेग जास्त गमावते आणि जितका वेग गमावते तितका वारा तिला ढकलतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर स्टँडर्ड गोळीसुद्धा इंचभर सरकते. ५० मीटरच्या ऑलिंपिक टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा आणि सगळा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे इंचभर सरकणं तीन कड्यांचा फरक करतं. दुपारी तापीकाठचा वारा सुटला की रायफलीला दोष देणाऱ्यांना मी आधी रेंजवरची वाऱ्याची झेंडी बघायला सांगतो.

उन्हाची आणखी एक गोष्ट. या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा पातळ हात असतो. गाडीच्या डिकीत एप्रिलमध्ये खोकं तापलं की मेण मऊ होतं, बोटाला चिकटतं आणि धूळ धरतं. ती धूळ नळीत जाते. शिवाय तापलेली दारू वेगळ्या दाबाने जळते, गोळी वेगळ्या उंचीवर लागते. काडतुसं सावलीत, बंद डब्यात ठेवा आणि आपल्याकडे मार्च ते जून सराव सकाळी नऊच्या आत उरका.

आता परवाना. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, पण मी थोडक्यात सांगतो. वडिलांचा पीकसंरक्षणाचा परवाना वडिलांचा. परवाना माणसाला असतो, घराला नसतो. त्यावर तुमची रायफल बसत नाही आणि त्यांची बाराबोर तुम्ही परस्पर रेंजवर नेऊ शकत नाही. तुम्हाला तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, टार्गेट शूटिंगच्या कारणासाठी, स्वतंत्र करावा लागेल. त्याबरोबर शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. क्लबचं सभासदत्व आणि सरावाची नोंदवही असेल तर अर्ज नुसत्या इच्छेवर उभा राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे, ती आधीच तपासा. यावल अभयारण्य तुमच्या उशाशी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. तुमचं गाव त्या अंतरात येतं का, हे तलाठ्याकडून आणि वनखात्याकडून आधी लेखी समजून घ्या. रावेरकडे पालच्या बाजूला, शिरपूरकडे अनेर धरणाच्या बाजूला, चाळीसगावकडे गौताळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. फाइल अर्ध्यावर अडकली की लोक समजतात कोणीतरी मुद्दाम अडवतंय. बहुधा हेच कलम असतं. निवडणुकीत आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. तेव्हा पावती घ्या आणि रायफलीचा क्रमांक पावतीवर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. लग्नात, मिरवणुकीत कोणी ‘एक बार काढा’ म्हणालं तर तिथून निघून या. आनंदाच्या गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आता रायफल.

बोल्टची घ्या, यात मला जराही शंका नाही. आपोआप भरणाऱ्या .२२ मध्ये उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यावर यंत्रणा मागे सरकते. तिला जोर लागतो, म्हणून ती वेगवान गोळी मागते आणि टार्गेटच्या कमी वेगाच्या गोळीवर अडकते. मेण आणि काजळी आत साठते. आणि मुख्य म्हणजे ती घाई शिकवते. बोल्टच्या रायफलीवर प्रत्येक गोळीनंतर हात उचलावा लागतो, श्वास नव्याने बसवावा लागतो. शिकणाऱ्याला तेवढी सक्ती हवीच. मॅगझिन असलं तरी चालेल, पण एकेक गोळी हाताने भरता येते का ते बघा. मॅगझिनमधून चढताना मऊ शिशाच्या टोकाला ओरखडा येतो आणि तो ओरखडा टार्गेटवर दिसतो.

त्यानंतर माप. दुकानात लोक रायफल खांद्याला लावतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरतात आणि ‘बरी वाटते’ म्हणतात. असं नाही. झोपून बघा, बसून बघा, उभं राहून बघा. दुकानदाराला सांगून जमिनीवर सतरंजी टाका, लाजू नका. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल कुंद्यावर, म्हणजे रायफलीच्या मागच्या लाकडी भागावर टेकवा, मग डोळे उघडा. मागची-पुढची साइट आपोआप समोर आली तर रायफल तुमच्या मापाची. मान वर ताणावी लागली किंवा गाल दाबावा लागला तर नाही. कोपर काटकोनात वाकवून कुंदा कोपराच्या खळग्यात धरा, ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर सहज पडलं पाहिजे. जू मापाचं नसलं की बैलाच्या खांद्याला गाठ येते आणि तो नांगर वाकडा ओढायला लागतो, तसंच इथे. बेमाप रायफलीवर शरीर चुकीची सवय लावून घेतं आणि ती मोडायला फार वेळ जातो. कुंदा लांब असेल तर सुतारकामाने कमी करता येतो, आखूड असेल तर बुडाला फळी जोडता येते, पण गालाची उंची बिघडलेली असेल तर विचार करून घ्या. वजन हौशी माणसाला साडेतीन ते साडेचार किलो पुरतं. हलकी रायफल उचलायला बरी वाटते, पण श्वासाबरोबर हलते. डावा डोळा जोरदार असलेल्यांनी तर आधी डोळा तपासून घ्यावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट करा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना बोट खांबावरच राहतं तो तुमचा नेमाचा डोळा. पुष्कळांना हे चाळिशीपर्यंत माहीत नसतं.

नळीच्या लांबीवर जास्त डोकं लावू नका. .२२ ची दारू सोळा ते एकोणीस इंचांत जळून संपते. पुढची लांबी वेग वाढवत नाही. उघड्या साइटवर मात्र दोन साइट्समधलं अंतर वाढतं आणि नेमातली चूक कमी होते, एवढाच तिचा फायदा. ट्रिगरवर मात्र डोकं लावा. रिकामी रायफल, आत वापरलेलं काडतूस घालून, चाप हळूहळू ओढा. बोटाखाली तो घसटत, खडखडत मागे येत असेल तर तुमचा नेम कितीही चांगला असो, शेवटच्या क्षणी नळी हलणार. दीड किलोच्या आत, एकाच ठिकाणी, काचेची काडी मोडल्यासारखा सुटणारा चाप असला की बाकी पुष्कळ गोष्टी माफ. चाप जड असेल तर परवानाधारक शस्त्र-कारागिराकडूनच तो हलका करून घ्या. घरी कानस लावायची नाही. फार हलका झालेला चाप बोल्ट आपटला तरी सुटतो.

वापरलेलं काडतूस घालून बघा असं म्हणालो, त्याला कारण आहे. रिमफायर रायफल रिकामी असताना चाप ओढला तर पिन आदळायला कड नसते, ती थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या तोंडावर आदळते. जुनी रायफल तपासताना हीच पहिली जागा बघायची. बोल्ट काढा, विजेरी धरा, चेंबरच्या तोंडावर पिन आदळते त्या जागी बघा. तिथे खड्डा किंवा आत वळलेली कड दिसली तर समजा कोणीतरी ही रायफल घरात वर्षानुवर्षं रिकामीच वाजवली आहे. तिथे काडतूस नीट बसत नाही, उडालं की अडकतं. मग नळीच्या दुसऱ्या टोकाला पांढरा कागद धरून मागून आत बघा. आतल्या पीळदार खाचा कडेपर्यंत धारदार दिसल्या पाहिजेत. मध्येच काळी वर्तुळाकार सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी मारली की असं होतं. ती रायफल सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी. शेवटी पुढचं तोंड. जुन्या रायफली पुढून सळई घालून साफ केलेल्या असतात. सळई घासून घासून तोंडाची कड एका बाजूला झिजते आणि गोळी बाहेर पडताना एका बाजूने आधी सुटते. नखाने कड चाचपा. चारी बाजूंनी सारखी लागली पाहिजे. मग क्रमांक. नळीवरचा, बोल्टवरचा आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक एकच आहे का ते बघा. आणि दोघांमधला व्यवहार परस्पर उरकायचा नाही. आपल्या वापरातलं शस्त्र विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं.

एवढ्यातून पास झाली तरी सौदा लगेच करू नका, ती मारून बघा. रेंजवर, विकणाऱ्याच्या उपस्थितीत, वाळूच्या पिशवीवर टेकवून, ५० मीटरवर. गोळी तीच, जी तुम्हाला पुढे मिळणार आहे. गोळीचा ब्रँड बदलला असेल तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. आधीच्या गोळीचं मेण नळीतून निघून नवीन बसायला तेवढ्या लागतात. मग पाच-पाचचे चार-पाच ग्रुप मारा आणि सगळ्यात चांगला दाखवणाऱ्याचं ऐकू नका, सगळे कागद शेजारी ठेवून बघा. हौशी रायफल चांगल्या गोळीने पाचांचा ग्रुप इंचात ठेवत असेल तर ती तुमच्यापेक्षा पुढे आहे, निश्चिंत घ्या. एखादीच गोळी दरवेळी लांब पडत असेल तर कुंद्याचे स्क्रू आवळून पुन्हा मारा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि स्क्रू ढिले पडले की चांगली रायफलही वेड्यासारखी वागते.

नवी सरकारी की जुनी परदेशी? परदेशी रायफल सामान्य माणसाला थेट मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांसाठी वेगळी सोय आहे. त्यामुळे आपल्याकडे ज्या परदेशी रायफली फिरतात त्या जुन्या, हातोहात बदललेल्या. चेक बनावटीच्या ब्रनोच्या बोल्ट रायफली त्यात माझ्या आवडीच्या. नळी चांगली, चाप सुधारता येतो, कुंदा माणसाच्या मापाचा. वर सांगितलेल्या तपासणीतून गेलेली ब्रनो मिळाली आणि किंमत आवाक्यात असली तर मी ती घेईन. पण किंमत पोलादाची नसते, दुर्मीळपणाची असते, हे ध्यानात ठेवून घासाघीस करा. नाव मोठं म्हणून झिजलेली रायफल दुप्पट पैशांत घेण्यापेक्षा सरकारी कारखान्याची नवी घ्या. ती मजबूत असते, सुटे भाग देशात मिळतात, कागद स्वच्छ असतात. चाप जड असू शकतो, तो कारागिराकडून सुधारून घ्या. उरलेला पैसा गोळ्यांवर आणि रेंजच्या प्रवासावर घाला. आन्शुट्झ, वॉल्थर या जर्मन कंपन्यांच्या मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफली वेगळ्याच जातीच्या आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं ते याच .२२ च्या प्रकारात. तो मध्य रेल्वेचा, म्हणून भुसावळलाही त्याचं कौतुक आपलेपणाने झालं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकाराची जगज्जेती झाली. ही नावं डोळ्यांसमोर ठेवा, पण त्यांच्या रायफली नकोत. त्या रायफलीतल्या पंधरा गोष्टी फिरवता येतात, आणि त्यातली एकही कशी फिरवायची हे न कळणाऱ्याला त्या त्रासच देतात.

दुर्बिणीबद्दल. पहिलं वर्ष उघड्या साइटवर किंवा भोकाच्या म्हणजे पीप साइटवर काढा. आपल्या स्पर्धांमध्येही या दोन गटांना मान आहे. पीप साइटमध्ये डोळ्याला फक्त पुढची साइट स्पष्ट बघायची असते, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, मागच्या भोकाच्या मध्यावर डोळा आपोआप येतो. चाळिशीकडे झुकलेल्या डोळ्यांना ती वरदान आहे. दुर्बीण लावलीत की तुमच्या हाताचा प्रत्येक कंप मोठा होऊन दिसतो आणि माणूस घाबरून चाप हिसकतो. नंतर लावायची झाली तर एक गोष्ट तपासा: मोठ्या रायफलीची दुर्बीण बहुधा शंभर यार्डांवर जुळवलेली असते. ५० मीटरवर डोळा जरा सरकला की तिच्यातला क्रॉस टार्गेटवरून सरकतो. रिमफायरसाठी पन्नास यार्डांवर जुळवलेली किंवा अंतर बदलता येणारी घ्या. आणि रायफलीच्या वरच्या खाचेत तिच्या रिंगा बसतात का ते घेण्याआधी बघा. .२२ वर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते.

राहिली मुलगी. तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठीही सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलने करा. .१७७ बोअरची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन ती घेता येते. प्रेसिहोलसारखे भारतीय उत्पादक आहेत. स्प्रिंगच्या एअर रायफलीला पुढे-मागे दोन्हीकडे झटका असतो, मुलीच्या हाताला ती जड आणि हट्टी वाटेल. क्लबमध्ये आधीच भरलेल्या हवेवर चालणारी मिळाली तर तिला ती द्या. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास, चाप आणि गोळी सुटल्यावरही नेम धरून राहणं, हे सगळं तिथे शिकून होतं आणि .२२ वर जसंच्या तसं कामी येतं. तुमच्या परवान्याची फाइल फिरेपर्यंत तुम्ही दोघं हे शिकत राहाल. घरी सराव करायचा झाला तर रिकाम्या खोलीत, छर्रे अडवणाऱ्या भरभक्कम पेलेट-पेटीसमोर, मागे दरवाजा नाही अशा भिंतीकडे तोंड करून, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा. एअर रायफल खेळणं नाही, डोळा जायला एक छर्रा पुरतो.

.२२ घरी आली की बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या तुमच्या कमरेला. मुलीला तुमच्या नजरेसमोर हाताळू द्या म्हणजे तिचं कुतूहल लपूनछपून भागवलं जाणार नाही. रेंजवर चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. रिमफायरमध्ये मसाला कडेत सारखा पसरलेला नसला तर कधी कधी उशिरा पेट घेतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर थांबा, नळी मागून बघा, गोळी आत अडकलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढची भरू नका. नळी फार घासत बसू नका. शिसं आणि मेण नळीला सांभाळतात, दर वेळी ब्रश मारायची गरज नाही. साफ करायचं तेव्हा सळई मागूनच घाला. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हाताचा घाम लागलेली रायफल त्याच संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसा आणि कातड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका. पिशवी ओल धरते आणि नळीवर गंज बाहेरून चढतो.

जवळचा क्लब ठरला की तिथल्या प्रशिक्षकांना विचारून त्यांच्या .२२ वर पाचाचा एक ग्रुप मारून या आणि तो कागद जपून ठेवा. रायफल निवडायला बसताना तो माझ्याकडे घेऊन या. गोळ्या उभ्या पसरल्या आहेत की आडव्या, त्यावरून तुमचा चाप बिघडतोय की श्वास हे कळतं. ते कळल्यावर कुंदा कसा हवा आणि चाप किती जड चालेल हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.